आज ऑफिस उघडलं का?

संगणकाने मला ओळखायला नकार दिला, तेव्हा मी नुकतीच दाढी करून टेबलाशी बसलो होतो. दाढीचा आणि संगणकाचा संबंध नसतो हे मला कळतं. पण घरून काम करणारा माणूस हळूहळू सैल पडतो, आणि सैल माणसाने लावलेलं पानही सैल दिसतं, असं माझं मत आहे. म्हणून मी रोज दुपारी ड्यूटीच्या आधी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि मगच संगणक सुरू करतो. टेबलाखाली लुंगी असते. पण टेबलाखालचा भाग खाजगी.

पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्यातल्या इंग्रजीचा अर्थ असा होता की, तुमची ओळख पटवता आलेली नाही, तुमचं खातं कुलूपबंद करण्यात आलं आहे, प्रशासकाशी संपर्क साधा.

भाषा सभ्य होती, मजकूर अपमानकारक होता. ज्या दैनिकात मी ठाणे जिल्ह्याचं पान इतकी वर्षं लावतोय की गावाचं नाव मोहने की मोहोने यावरून माझ्याशी भांडणारे वार्ताहर निवृत्त होऊन गेले, त्या दैनिकाला माझी ओळख पटत नव्हती.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. आमचं ऑफिस ठाण्यात, मी ठाकुर्लीत. ऑफिसातल्या माझ्या टेबलावरचा संगणक कायम चालू असतो आणि मी घरच्या संगणकावरून तो उघडतो. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. म्हणजे माऊस हलवायचा ठाकुर्लीत आणि बाण हलणार ठाण्यात. ही सवलत मला दीप्तीच्या गुडघ्यामुळे मिळाली. माझ्या बायकोचा गुडघा हिवाळ्यात बदलला. ऑपरेशन उत्तम झालं, पण संध्याकाळी तिला एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आमची मुलगी बंगळुरात. माझी ड्यूटी दुपारी सुरू होते आणि पान छपाईला सुटेपर्यंत चालते. वृत्तसंपादक सिद्धेश, जो माझ्याच शेजारी बसून मथळे द्यायला शिकला आणि म्हणून अजून मला सर म्हणतो, त्याने वर शब्द टाकून मला घरून काम मिळवून दिलं. अट एकच, पान वेळेवर सुटलं पाहिजे.

त्याच आठवड्यात पासवर्डची मुदत संपली होती आणि मी नवा पासवर्ड ठेवला होता. तो मी अत्यंत काळजीपूर्वक तयार केला होता. त्यात मोठी अक्षरं होती, लहान होती, आकडा होता, चिन्ह होतं. इतक्या काळजीने आम्ही मुलीचं नावही ठेवलं नव्हतं. त्यामुळे चूक माझी असणं शक्य नव्हतं.

मी ऑफिसच्या मदत कक्षाला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "सर, आधी तक्रार नोंदवा."

"कुठे?"

"आपल्या ऑफिसच्या संगणकावर. लॉगिन केलं की उजवीकडे दिसेल."

"लॉगिन होत नाही, हीच तक्रार आहे."

"हो सर, पण नोंदवल्याशिवाय आम्हाला दिसत नाही."

या वाक्यातला दोष त्याला दाखवावा की नाही याचा मी विचार केला आणि तो सोडून दिला. ज्या माणसाकडून काम करून घ्यायचं आहे, त्याचं संपादन करू नये. शेवटी त्याने फोनवरच तक्रार घ्यायचं मान्य केलं. फक्त ओळख पटवण्यासाठी माझ्या नोंदणीकृत मोबाइलवर एक क्रमांक पाठवला. नोंदणीकृत मोबाइल दीप्तीचा निघाला. ज्या काळी ऑफिसने नंबर मागितले, त्या काळी मी मोबाइल बाळगत नव्हतो आणि त्याचा मला अभिमान होता. दीप्ती आतल्या खोलीत मोबाइल उशीला टेकवून गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ पाहत होती.

"आलाय काहीतरी," ती म्हणाली. "थांबा, चष्मा कुठेय?"

चष्मा मिळाला तेव्हा क्रमांक बाद झाला होता. दुसरा आला. तो वाचताना तिने आधी मजकूर वाचला. ती शाळेत मराठी शिकवायची, मधूनच वाचायला सुरुवात करणं तिला पटत नाही. "हा क्रमांक कोणालाही सांगू नका, असं लिहिलंय. मग तुम्हाला सांगू का?" या प्रश्नात तोही बाद झाला. तिसऱ्याला मात्र आम्ही जोडीने बाजी मारली. खातं उघडलं. मी आत गेलो, दिवसभराच्या बातम्या चाळल्या, चहा घ्यावा म्हणून बाहेर पडलो. खिडकी बंद करून उठायची माझी सवय आहे. ऑफिस उघडं टाकून चहा पिणं बरं दिसत नाही.

दारात जाईमावशी भेटल्या.

जाईमावशी आमच्या शेजारच्या. यजमान मोहन्याच्या कारखान्यात होते, ते गेले; मुलगा सुमित मस्कतला. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांच्या जादा चाव्या त्यांच्याकडे असतात. त्यांच्या दारामागे खिळ्यांची रांग आहे आणि कुठला खिळा कोणाचा हे त्यांना तोंडपाठ आहे. कोणी गावाला गेलं की मावशी रोज सकाळी वंदना आटोपून ते घर उघडतात, गॅसचा कॉक बघतात, कुंडीला पाणी घालतात, एक खिडकी उघडून पुन्हा लावतात. "बंद घर रोज एकदा उघडून बघावं लागतं," त्या म्हणतात, "नाहीतर घराला वाटतं, आपल्याला टाकलं." दीप्ती हॉस्पिटलात होती तेव्हा माझं घर त्यांनीच चालवलं. मी रात्री परत यायचो तेव्हा टेबलावर झाकलेलं ताट असायचं आणि ताटाखाली चिठ्ठी नसायची. चिठ्ठी न लिहिता जेवण ठेवणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

"काय प्रफुल्लभाऊ, मघाशी फोनवर आवाज चढलेला. काय झालं?"

"ऑफिस उघडत नव्हतं मावशी. आत्ता उघडलं."

"उघडलं ना? बरं झालं. थांबा, मी बघते." आणि त्या घरात गेल्या.

'मी बघते' हे आपल्याकडे वाक्य नसतं, दिलासा असतो. नगरसेवकही म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. मी चहा घेऊन टेबलाशी आलो, पासवर्ड टाकला, आणि संगणक म्हणाला की तुमची ओळख पटवता आलेली नाही.

त्या दिवशी पान सिद्धेशने कोणाकडून तरी लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलेलं पान पाहून माझा जीव कासावीस झाला. विठ्ठलवाडीच्या बातमीवर उल्हासनगरचा फोटो होता. पण ज्याला स्वतःच्या ऑफिसात शिरता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या चुका कोणत्या तोंडाने काढायच्या?

दुसऱ्या दिवशी सहदेव शेलार आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याची टाकी, लिफ्ट आणि मानवी आयुष्य या तिन्हींची त्यांना जाण आहे. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, राउटरकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "सोनावणेसाहेब, हा डबा कपाटावर का ठेवलाय?"

"तिथे प्लग आहे."

"लोखंडी कपाट आहे. लोखंड सिग्नल पितं." असं म्हणून त्यांनी राउटर उतरवून खिडकीत ठेवला. मग म्हणाले, "आता संगणक बंद करून चालू करा."

"केलाय."

"तसा नाही. मुळापासून." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी भिंतीवरचं बटण खाली पाडलं, विश्वास बसावा म्हणून प्लगही उपटून हातात घेतला.

माझा संगणक जुना आहे. त्याला मुळापासून उपटलं की तो वेळ विसरतो. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच्या मते कित्येक वर्षांपूर्वीचा एक जानेवारी होता. आता ऑफिस उघडायला गेलो तर नवीनच चौकट आली. ऑफिसच्या संगणकाचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही, सबब जोडणी करता येत नाही. माझ्या संगणकाच्या मते आमचं ऑफिस अद्याप अस्तित्वात यायचं होतं. काल मला ऑफिस ओळखत नव्हतं, आज मी ऑफिसला ओळखत नव्हतो. एका परीने बरोबरी झाली, पण पान लागेना.

"काहीतरी बदललं ना पण?" शेलार समाधानाने म्हणाले. "म्हणजे आपण योग्य मार्गावर आहोत."

मदत कक्षाने तारीख दुरुस्त करायला सांगितली, खातं पुन्हा उघडून दिलं. मी आत जाऊन अर्धं पान लावलं. दीप्तीला औषध देऊन आलो तोवर कुलूप. मदत कक्षातला माणूस म्हणाला, "सर, तुम्ही चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकताय. तसं केलं की खातं आपोआप बंद होतं."

"मी टाकलेला नाही."

"मग कोणी टाकला?"

हा प्रश्न शेलारांनी ऐकला. ते अजून खुर्चीत होते, दीप्तीने दिलेले पोहे खात होते. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: सर्व सभासदांना कळवण्यात येते की आपले सभासद श्री. प्रफुल्ल सोनावणे यांचा संगणक हॅक झाला असून त्यांच्याकडून आलेला कोणताही मेसेज उघडू नये.

याचे परिणाम लगेच दिसले. टँकर उद्या उशिरा येणार आहे, हा मी पाठवलेला मेसेज कोणीही उघडला नाही आणि अख्खी सोसायटी सकाळी अंघोळीवाचून राहिली. समोरचा विनीत बँकेत आहे. तो लिफ्टमध्ये भेटला तेव्हा त्याने मोबाइल खिशात ठेवून खिशावर हात ठेवला. "काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमच्याजवळ उभं राहिलं तर काही होत नाही ना?"

जाईमावशींनी मात्र असलं काही मनावर घेतलं नाही. त्या रोज दारात विचारायच्या, "आज ऑफिस उघडलं का?" उघडलं म्हटलं की "बघते हं" म्हणायच्या, नाही म्हटलं की "अरे देवा, थांबा, मी बघते" म्हणायच्या. आत्मीयतेने विचारपूस करणारं या इमारतीत एवढं एकच माणूस उरलं आहे, असं मी दीप्तीला म्हणालो. त्यांच्याशी बोलून आलं की मला बरं वाटायचं आणि खातं बंद झालेलं असायचं. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. बातम्यांच्या बाबतीत तेच माझं काम आहे, पण स्वतःच्या आयुष्याचं पान माणूस स्वतः लावत नाही.

गुरुवारी सिद्धेशचा फोन आला. तो बराच वेळ दीप्तीच्या गुडघ्याची चौकशी करत राहिला, तेव्हाच मी ओळखलं की बातमी वाईट आहे.

"सर, वरून आलंय. ज्यांचं घरून लॉगिन होत नाही त्यांना सोमवारपासून ऑफिसात बोलवा म्हणून. मी तुमच्यासाठी बोललो. पण सर, या आठवड्यात एकही पान…"

"बरोबर आहे तुझं."

"वहिनींचं कसं करायचं मग?"

"बघतो मी," मी म्हणालो. हे वाक्य म्हणजे फक्त दिलासा असतं, हे मला माहीत होतंच.

फोन ठेवला तर दीप्ती वॉकर धरून दारात उभी. "मी राहीन एकटी," ती म्हणाली. "मला काय झालंय?" असं म्हणत तिने वॉकर पुढे टाकला आणि दाराच्या उंबऱ्याशी तोल सांभाळायला भिंत धरली. संध्याकाळी तिला बाथरूमपर्यंत न्यायला कोणीतरी लागतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि आपण कोणाला लागतो, हे उच्चारायला लागू नये असं त्या वयात, आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या बाईला वाटणारच.

मदत कक्षाच्या नियमात शेवटची पायरी अशी होती की, वारंवार कुलूप लागल्यास कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष येऊन ओळख पटवावी. म्हणून शुक्रवारी सकाळी मी ठाण्याला गेलो. जाईमावशी दीप्तीजवळ येऊन बसल्या. "तुम्ही निवांत जा," त्या म्हणाल्या, "इकडचं मी बघते."

ऑफिसच्या फाटकावर माझं कार्ड चालेना. बरेच महिने न वापरल्याने तेही बंद झालं होतं. सुरक्षारक्षक नवा होता. त्याने पाहुण्यांची वही पुढे केली.

"कोणाला भेटायचंय?"

"मी इथेच काम करतो."

"हो, पण भेटायचं कोणाला?"

मी स्वतःचंच नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'ओळख पटवणे' लिहिलं. त्याने वाचलं, मान डोलावली आणि माझ्या गळ्यात 'पाहुणा' असं लिहिलेली पाटी अडकवली. ती घालून मी माझ्या टेबलाशी गेलो. माझ्या खुर्चीवर दोन पिशव्या बसल्या होत्या आणि माझ्या कीबोर्डवर कोणाचा तरी डबा होता. संगणकावर मीच चिकटवलेला कागद होता: 'हा संगणक बंद करू नये.' त्या कागदाचा मान मात्र सगळ्यांनी राखला होता. मला गहिवरून आलं.

संगणक विभागातली संचिता आली. शांत बाई, चष्मा कपाळावर. तिने माझं ओळखपत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गळ्यातली पाटी पाहिली आणि हसू आवरलं.

"सर, जुना पासवर्ड कुठे सेव्ह करून ठेवलाय का?"

"नाही," मी ठामपणे म्हणालो.

"दुसऱ्या कुठल्या मशीनवर?"

"मी एकाच मशीनवर काम करतो."

तिने खातं उघडलं. मी शेजारच्या संगणकावर नवा पासवर्ड टाकला, आणि दार उघडलं. माझा पासवर्ड बरोबर होता, हे त्रयस्थाच्या साक्षीने सिद्ध झालं. मी पाहुण्याची पाटी काढून ठेवणार इतक्यात संचिताने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"सर, आत्ता तुम्ही काही दाबलंत?"

माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते तिला दाखवले.

"मग बाहेरून कोणीतरी तुमच्या नावाने दार वाजवतंय. जुन्या पासवर्डने. हे बघा, परत. परत." ती थोडा वेळ पाहत राहिली. "चिकाटीचा माणूस आहे. गेलं खातं."

"कुठून वाजवतंय?"

"मशीनचं नाव सुमित दिसतंय. कोण सुमित?"

माझ्या ओळखीत एकच सुमित, आणि तो मस्कतला तेलाच्या कंपनीत. तो रोज माझ्या जिल्हा पानात शिरायचा प्रयत्न का करील? मी घरी फोन लावला. संचिताने खूण केली म्हणून आवाज मोठा ठेवला.

"झालं का?" दीप्तीने विचारलं.

"घरचा संगणक कोणी लावलाय का?"

"नाही. मी समोरच पडलेय. बंद आहे."

"जाईमावशी आहेत ना तिथे?"

"आत्ताच त्यांच्या घरी गेल्या. म्हणाल्या, भाऊ पोचले असतील ठाण्याला, तिकडून उघडलं असेल तर इकडून उघडतं का बघून येते."

संचिताने माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्याच्या पाटीकडे पाहिलं. आणि मला ती दुपार आठवली. आमच्या इमारतीत एकाच मजल्यावर विजेच्या दोन फेज आहेत. दीप्ती घरी आली त्या आठवड्यात आमची फेज गेली, मावशींची होती. पान अर्ध्यावर. मावशी म्हणाल्या, सुमितचा संगणक धूळ खात पडलाय, या. मी त्यांच्याकडे बसून पान सोडलं. चौकटीने विचारलं होतं, पासवर्ड लक्षात ठेवू का? घाईच्या वेळी मला कोणी काही विचारलं की मी हो म्हणतो. उठताना मी मावशींना म्हणालो होतो, "राहू द्या तसंच, पुन्हा फेज गेली तर लागेल."

म्हणजे मी चावी ठेवून आलो होतो. त्यांच्या दृष्टीने तो आणखी एक खिळा होता.

"जाईमावशी कोण?" संचिताने विचारलं.

"शेजारी," मी म्हणालो. विशेषणं काढून टाकणं हा माझा धंदा आहे, पण तेव्हा एकही विशेषण न लावता तो शब्द उच्चारणं मला जड गेलं. मग मी तिला सगळं सांगितलं. दारामागचे खिळे, गॅसचा कॉक, झाकलेलं ताट.

नियम मला माहीत होता. बाहेरच्या माणसाला ऑफिसचा संगणक उघडता येत असेल, तर सवलत त्या क्षणी रद्द, आणि वर खुलासा.

"सर, मी विठ्ठलवाडीला राहते," ती म्हणाली. "आमची चावी समोरच्या काकूंकडे असते. मी घरी जाते तेव्हा त्यांनी आमचा फ्रिज लावून ठेवलेला असतो. त्यांच्या पद्धतीने. गेल्या दिवाळीपासून मला माझी चटणी सापडलेली नाही." तिने कीबोर्ड ओढला आणि कारणाच्या जागी लिहिलं: जुन्या यंत्रावर साठवलेला जुना पासवर्ड. आज काढून टाकण्यात येत आहे.

मी वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं आणि जास्तीचं काही नव्हतं. माझ्या पानावर असा मजकूर आला असता तर मी त्याला हात लावला नसता.

"पण आज काढा," ती म्हणाली. "उद्या परत दार वाजलं, तर मला नाव लिहावं लागेल."

मी तिचे आभार मानले. कसे मानले ते आठवत नाही. वाक्य अर्धवट राहिलं एवढं आठवतं, आणि माझी वाक्यं सहसा अर्धवट राहत नाहीत. फाटकावर पाटी परत केली. रक्षकाने विचारलं, "पटली ओळख?" मी म्हणालो, "पटत आलीय."

परतीच्या वाटेवर मी फक्त वाक्यं जुळवत होतो. मावशी, तुम्ही केलंत ते चांगल्या मनाने. नको, यात 'पण' येणार हे आधीच कळतं. मावशी, एक तांत्रिक बाब आहे. नको. ज्या बाईने माझ्या बायकोचे केस विंचरले आहेत, तिच्याशी तांत्रिक बाबीने सुरुवात करता येत नाही. रोज दोनशे शब्दांची बातमी वीस शब्दांत आणणारा मी, आणि मला एक वाक्य सापडेना.

मावशी दार उघडं टाकूनच बसल्या होत्या, सुमितच्या संगणकासमोर, चष्मा नाकाच्या टोकावर. पडद्यावर माझी ओळखीची चौकट होती.

"उघडलं का भाऊ?"

"उघडलं."

"माझ्याकडे काही उघडत नाही बघा. आधी रोज उघडायचं. आठवडाभर नुसतं नाही म्हणतंय. मी सोडत नाही, दाबत राहते. म्हटलं, इकडून एकदा उघडलं की तुमच्याकडेही उघडेल."

मी स्टूल ओढून बसलो. "मावशी, तुम्ही रोज उघडायचात?"

"रोज सकाळी. वंदना झाली की पहिलं तुमचं ऑफिस. तुम्हीच ठेवून गेलात ना? ठेवलेलं बघायला नको?"

"आत काय बघायचात?"

"मी काही हात लावला नाही हं कशाला," त्या घाईने म्हणाल्या. "नुसतं पान बघायची. पान पुरं दिसलं तर समजायचं, भाऊ वेळेवर झोपले. खाली भरपूर खिडक्या उघड्या राहिल्या असतील तर समजायचं, रात्री दमून तसेच उठले. मग खाली जाऊन दूधवाल्याला सांगायची, आज सोनावण्यांची बेल मारू नको, पिशवी माझ्याकडे दे, मी नंतर त्यांच्या कडीला अडकवते. दीप्तीची झोप मोडते. तुमची पण."

आमच्या दारावर मी लावलेला एक कागद आहे: 'कृपया सकाळी बेल वाजवू नये.' दीप्ती घरी आल्यापासून सकाळची बेल क्वचितच वाजली होती आणि दूधवाला वाचून सुधारला, असं मी समजत होतो. त्या कागदाच्या मजकुराचा मला थोडा अभिमानही होता. दूधवाल्याला मराठी वाचता येत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं.

"मावशी," मी म्हणालो, "ऑफिसने कुलूप बदललंय. सगळ्यांचंच. जुनी चावी लावली की ते घाबरतात आणि आतून कडी घालतात. मग मलाही आत जाता येत नाही."

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आठवडाभर कडी माझ्यामुळे पडत होती?"

मला खोटं बोलायची सवय नाही आणि खरं बोलायची इच्छा नव्हती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं, आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "आणि मी म्हणतेय दाबते, दाबते. बाई गं. दीप्तीला सांगू नका, ती गुडघ्याला टाके असताना हसेल."

"टाके कधीच काढले, मावशी."

"तरी नको."

मी जुना पासवर्ड पुसून टाकला. त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या, खिळ्यावरची चावी कोणी परत नेताना बघतात तशा. हसणं थांबलं होतं.

"मग मला कळणार कसं?" त्यांनी विचारलं. "बेल मारू द्यायची की नाही ते?"

हा प्रश्न मदत कक्षाला सुटला नसता. तो दीप्तीने सोडवला. ती वॉकर टेकत टेकत आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत आली होती, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कोणाचा हात न धरता, आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "दुधाची पिशवी आपण कडीला अडकवतो ना," ती उंबऱ्यातून म्हणाली, "यांना उशीर झाला तर तिला गाठ मारून ठेवू. गाठ दिसली की बेल नाही."

"हे बरं," जाईमावशी म्हणाल्या. "याला पासवर्ड लागत नाही."

त्या दुपारी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, टेबलाशी बसलो. नवा पासवर्ड टाकला. पडद्याने थोडा विचार केला आणि मला आत घेतलं. सिद्धेशला कळवलं की सोमवारी मी येत नाही. त्याने लगेच उत्तर पाठवलं, "वहिनींना सांगा, बरं वाटलं." शेलारांनी ग्रुपवर नवी सूचना टाकली की सेक्रेटरींच्या मार्गदर्शनाखाली सोनावणे यांचा संगणक पूर्ववत झाला आहे. मी ती दुरुस्त केली नाही. राउटर अजून खिडकीतच आहे आणि पूर्वीपेक्षा बरा चालतो, हेही इथे नोंदवलं पाहिजे.

काम संपवून उठलो तेव्हा उशीर झाला होता. दुधाच्या पिशवीला गाठ मारली, ती कडीला अडकवली, सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा नीट मारली. सकाळी बेल वाजली नाही. जाग आली तेव्हा दूध ओट्यावर होतं, तापवलेलं, आणि आमची जादा चावी तिच्या खिळ्यावर परत गेलेली होती.

दुपारी दारातून आवाज आला.

"भाऊ, आज ऑफिस उघडलं का?"

"उघडलं, मावशी."

"मग मी काही बघत नाही," असं म्हणून त्या विनीतच्या घराची चावी घ्यायला आत गेल्या. तो सकाळीच गावाला गेला होता.